डॉक्टरांचे तास, बायांचे तास

वेळेचे नियोजन म्हटले की आपल्याकडे डायरी, गजर आणि पहाटे पाचला उठण्याचे सल्ले सुरू होतात. जामखेडमध्ये पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न फार वेगळ्या वाटेने सुटला, आणि त्या वाटेला आज विज्ञानाचा चांगला आधार मिळतो.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले. त्याआधी जामखेडच्याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना कळून चुकले होते, की सकाळपासून रात्रीपर्यंत रुग्ण तपासले तरी हगवण, कुपोषण, बाळंतपणातले धोके हे टाळता येण्याजोगे आजार गावातून येतच राहतात. डॉक्टरने झोप कमी करून हे गणित सुटणारे नव्हते. त्यांनी आधी परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या, पण परक्या गावात एकटीने राहणे त्यांना जड गेले. मग गावातलीच एक बाई गावानेच निवडायची आणि तिला शिकवायचे, असे ठरले. यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित कुटुंबांतल्या होत्या. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, मुक्काम करायचा, शिकायचे आणि परत गावी जाऊन मुलांची वजने घ्यायची, गरोदर बाईला तपासायचे, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला आईला शिकवायचे. आरोळे दांपत्याच्या या प्रकल्पाच्या गावांत 1971 मध्ये हजार जन्मांमागे 176 बालमृत्यू होत होते. 1976 पर्यंत तो आकडा 52 वर आला. डॉक्टरांचा वेळ अवघड रुग्णांसाठी मोकळा झाला. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण मला यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. ज्या बाईवर हे नवे काम सोपवायचे, तिच्याकडे तरी वेळ कुठे होता? गावकऱ्यांनी दवाखान्याच्याही आधी पाणी मागितले होते. विहीर अर्धा किलोमीटरवर आणि दिवसाला आठ खेपा धरल्या, तर आठ किलोमीटर चालणे होते, त्यातले चार डोक्यावर भरला हंडा घेऊन. नंबर लागेपर्यंतचे ताटकळणे सोडले तरी दोन तास गेले. प्रकल्पाने दुष्काळात कूपनलिका खोदल्या आणि हातपंप मुद्दाम दलित वस्त्यांमध्ये बसवले. शिवाशिव मोडायला त्याने मदत केलीच. शिवाय कित्येक घरांतल्या बायांना रोजचे तास परत मिळाले. हे तास कुणाच्या शिस्तीने वाचले नव्हते, पाणी जवळ आल्याने वाचले होते.

असे तास मोजण्याचे एक शास्त्र आहे. आपल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला जातो. भाकरी थापताना कुशीत लेकरू असेल, तर दोन्ही कामे नोंदवायची सोय असते. 2019 च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जात होती, पुरुषांची 97. 2024 मध्ये हेच आकडे 289 आणि 88 झाले. बाईची दहा मिनिटे वाचली खरी, पण पुरुषाचीही नऊ कमी झाली. म्हणजे तिचे काम त्याने उचलले, असे या आकड्यांतून दिसत नाही.

वेळेची चणचण डोक्यावर काय परिणाम करते, हे समजायला जामखेडकरांना ओळखीचा वाटेल असा एक प्रयोग आहे. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांना तोडणीच्या आधी, पैशांची ओढाताण असताना, आणि नंतर हातात पैसे आल्यावर, अशा दोन वेळा बुद्धीची कोडी सोडवायला दिली. माणसे तीच, पण तोडणीआधी त्यांची कामगिरी घसरली होती. ‘सायन्स’ नियतकालिकात 2013 मध्ये हे संशोधन आले. संशोधकांपैकी सेंधिल मुल्लइनाथन आणि एल्डर शफीर यांचे म्हणणे असे, की वेळेच्या टंचाईतही मन तसेच समोरच्या अडचणीत गुंतून पडते आणि पुढचा विचार मागे राहतो. या भागातून दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणारे जोडपे, म्हणजे ‘एक कोयता’, यातली बाई पहाटेच्या अंधारात स्वयंपाक उरकून फडात जाते आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवते. तिला पैशांची टंचाई आणि वेळेची टंचाई एकदमच भोगावी लागते. मुलाचे लसीकरण चुकले म्हणून तिला बेफिकीर ठरवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

जास्त तासांचे मोल शरीरही मोजते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मांडलेल्या हिशेबात, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त आढळला.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि जामखेडसारखीच, गावातलीच बाई गावाची आरोग्यसेविका होण्याची कल्पना ‘आशा’ या नावाने देशभर पोचली. मूळ अपेक्षा दिवसाला दोन-तीन तासांच्या ऐच्छिक कामाची होती, बाकीचा दिवस तिचा. जामखेडच्या कार्यकर्तीला शेळीपालनासारख्या जोडधंद्यासाठी प्रकल्पाचा हात असे आणि तिच्या पाठीशी गावातले महिला मंडळ उभे असे. आशा ताईंच्या वाट्याला मात्र एकेक सर्वेक्षण, नोंदवही आणि मोबाइलवरची माहिती वाढत गेली. कोरोनात तर त्या दारोदार फिरत होत्या. मोबदल्यासाठी 2021 च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला, तेव्हा चर्चा रुपयांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्याच चर्चेत आशा ताईच्या एका दिवसाचा अर्ध्या-अर्ध्या तासाचा तक्ताही टेबलावर ठेवायला हवा होता: बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेले ती वेळ, परतीच्या गाडीची वाट पाहिली ती वेळ, आणि घरी येऊन धुणीभांडी केली तीसुद्धा.