मानके कोणाच्या मताने ठरतात?

बाजारातील वजनमापे खरी असावीत हा आग्रह आपल्याला नवा नाही; परंतु मापे ठरविणाऱ्याचाच हात तराजूवर नाही ना, याची चौकशी क्वचितच होते. तांत्रिक मानके ठरविणाऱ्या संस्थांच्या बाबतीत तर ती जवळजवळ होतच नाही. 'हा तज्ज्ञांचा विषय' म्हणून सामान्य नागरिक तो सोडून देतो, आणि तेथेच हितसंबंधीयांचे फावते.

या दृष्टीने २००७-०८ मधील एक प्रकरण उद्बोधक आहे. संगणकावरील दस्तऐवज कोणत्या स्वरूपात साठवावेत, याविषयीचे 'ओडीएफ' हे खुले मानक 'आयएसओ' या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ साली मान्य केले होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टचे 'ओओएक्सएमएल' हे स्वरूप 'एक्मा' या संस्थेमार्फत तेथेच आले. मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा, आणि मंजुरीची पद्धत मात्र शीघ्र! सप्टेंबर २००७ मध्ये तो फेटाळला गेला. सहभागी सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांचा पाठिंबा आवश्यक असता ३२ पैकी १७ मतेच अनुकूल पडली.

येथे नियमांपेक्षा डावपेच बोलके आहेत. मतदानाच्या तोंडावर अनेक देश एकाएकी सहभागी सदस्य झाले. पुढे त्यांतील कित्येक इतके उदासीन राहिले की समितीची अन्य कामे पुरेशा मतांअभावी अडली. स्वीडनमध्ये एका सभासदाने एकाहून अधिक मते दिल्याचे आढळल्याने तेथील संस्थेला आपला निर्णय रद्द करावा लागला. विरोधकही निःस्पृह नव्हते. आयबीएमसारख्या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे हित त्यात गुंतलेले होतेच. अखेर मार्च २००८ मध्ये ३२ पैकी २४ मते मिळून मसुदा संमत झाला. भारताने दोन्ही वेळा विरोध केला. पुढे भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांनी केलेली अपिलेही फेटाळली गेली.

याचे मर्म अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित नाही. मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली दाखवून दिले की, लाभ मूठभरांच्या पदरी पडणार असेल तर ते संघटित होतात. तोटा लाखोंमध्ये विभागला गेला की कोणीच उठत नाही. समितीच्या बैठकांना जाण्याचा खर्च कंपनीला परवडतो. शिक्षकाला, ग्रंथपालाला वा ग्राहकाला परवडत नाही. म्हणून दार सर्वांना खुले असूनही सभागृहात ठरावीकच चेहरे दिसतात.

उपाय असाध्य नाहीत. काही काळ प्रत्यक्ष काम केल्यावाचून मताधिकार देऊ नये. प्रत्येक सभासदाचे हितसंबंध जाहीर व्हावेत. शीघ्र पद्धत छोट्या व निर्विवाद मसुद्यांपुरतीच राखावी. ग्राहक व विद्यापीठे यांच्या प्रतिनिधींचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा.

आज कचेऱ्यांतील सातबारा, गुणपत्रके, सेवापुस्तके संगणकात जात आहेत. पन्नास वर्षांनी ती कोणालाही वाचता येतील की एखाद्या कंपनीच्या कृपेवर अवलंबून राहतील, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा खचितच नव्हे.