डेक करताय? आधी पाय बघा!

डेक म्हटलं की सगळे फळ्यांचा रंग, फिनिश आणि फेअरी लाइट्सबद्दल बोलतात. मी मात्र आधी वाकून खांबांचे पाय बघतो. कारण नांदेड असो की लातूर, आपली काळी माती भलतीच मूडी! पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर टेकलेला खांबही वर-खाली होतो.

म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फारच खोल असेल, तर इंजिनिअरला विचारून काळी माती जमेल तितकी काढा, मुरूम भरून धुमसाने ठोका आणि मगच काँक्रीट ओता.

लाकूड थेट मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडू नका. खांबाचं कापलेलं टोक पाणी ओढून घेतं. मग कुज, मग वाळवी. अगदी किनवटचं सागवान असलं तरी! जुन्या वाड्यांत खांबाखाली दगडी तळखडा असायचा तो उगाच नाही. पण तिथे माळवदाचं वजन खांबाला दाबून धरायचं. आपला डेक हलका. वर पर्गोला असेल तर वळवाचा वारा त्याला उचलूच बघणार.

यावर उपाय म्हणजे लोखंडी शू. इंग्रजी यू अक्षरासारखा, गॅल्व्हनाइज्ड, खांबाला काँक्रीटपासून इंचभर वर धरणारा. काँक्रीट ओलं असतानाच १२ मिमीचे अँकर बोल्ट बसवून घ्या. नंतर फास्टनर ठोकायचे असतील तर काँक्रीट पक्कं होऊ द्या आणि कडेपासून लांब राहा. शू आणि खांब आरपार नट-बोल्टने जोडा; नुसत्या खिळ्यांवर भागवू नका. फॅब्रिकेटरकडून बनवून घेताय? मग गॅल्व्हनायझिंग वेल्डिंगनंतर करायला सांगा.

हा अतिरेक वाटतोय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या भिंती आणि जड छतं कोसळून हजारो माणसं गेली. काही घरांत मात्र भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिला. बांधकाम तगतं ते जोडांवर, हे आपल्या भागाला वेगळं सांगायला नको. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपा आधारही द्याच.

बजेट कमी पडलं तर फळ्या साध्या घ्या. त्या पुढे कधीही बदलता येतात. पाय बदलायचा, तर अख्खा डेक उकलावा लागतो!