भाऊबिजेची दमणी

आमच्या तेल्हाऱ्याचा माणूस गावाला निघायचा म्हणजे दोन गोष्टी जुळाव्या लागतात, असे माझे वडील म्हणत. एक एस.टी. आणि दुसरी कपाशी! एस.टी. वेळेवर आली पाहिजे आणि कपाशीच्या वेचणीतून सवड मिळाली पाहिजे. आगगाडीचे नाव काढू नका. अकोला-खंडवा ही छोटी गाडी आमच्या तालुक्यातल्या अडगाव, हिवरखेड या स्टेशनांवरून धावत असे. तीही रुंदीकरणासाठी २०१७ साली थांबली. पण वडिलांच्या यादीत आणखी एका गोष्टीची भर घालावी लागेल, हे मला २०२२ सालच्या दिवाळीने शिकवले. ती गोष्ट म्हणजे जनावरांचा रोग.

माझी माय त्या वर्षी चौऱ्याऐंशीची होती. तिचे माहेर पूर्णेच्या पलीकडे, शेगावच्या बाजूला. तिथे तिचा एकुलता एक भाऊ, म्हणजे माझे मामा, अंथरुणाला खिळलेले. मायचा एकच हट्ट : यंदाच्या भाऊबिजेला माहेरी जाईन, आणि जाईन ती दमणीतून.

"मोटरीत बसली की माह्या पोटात ढवयते. मले दमणीतच ने, बाबू!"

हा नुसता लहरीपणा नव्हता. मागे एकदा तिला मोटारीने अकोल्याला नेले होते, तेव्हा परत आल्यावर ती दोन दिवस उठली नव्हती. मी आपला निवृत्त मास्तर. माझ्याजवळ बैल कुठले? पण माझा चुलतभाऊ बापू याची चांद्या आणि तांब्या ही जोडी अख्ख्या आळीत नावाजलेली. वाड्याच्या कोपऱ्यात पडलेली वडिलांची दमणी आम्ही बाहेर काढली. सुताराने चाके नीट केली, लोहाराने धावा बसवल्या, आसाला वंगण घातले. माय रोज सकाळी येऊन त्या दमणीवरून हात फिरवी. जणू दमणीच तिला माहेरची खुशाली सांगत होती!

२६ ऑगस्टला पोळा झाला. तोरणाखाली बैल खांद्याला खांदा लावून उभे राहिले. एकाच्या पाठीवरची माशी उडून दुसऱ्याच्या पाठीवर बसली. तिकडे कोणाचे लक्ष असणार? पण त्याच महिन्याच्या आरंभी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात गुरांच्या अंगावर गाठी उठल्याचे वृत्त आले होते. पाहता पाहता तो रोग अकोला, बुलढाणा, अमरावतीत पसरला. नाव लम्पी!

हे पाहुणे आले तरी कुठून, म्हणून मी थोडे वाचले. आफ्रिकेतल्या आजच्या झांबिया देशात १९२९ साली याची पहिली नोंद झाली. आपल्या देशात तो २०१९ साली ओडिशात दिसला. देवीच्या रोगाच्या कुळातला हा विषाणू. जनावराला ताप येतो, डोळ्यानाकातून पाणी गळते, कातडीवर सुपारीएवढ्या गाठी येतात, पाय सुजतात, दूध आटते. चावणाऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत तो पसरतो. माणसाला तो होत नाही. तरी लोकांनी उगीचच दुधाची धास्ती घेतली होती. आणि मुख्य गोष्ट अशी की, माशी उडून किती दूर जाणार? लांबचा पल्ला हा रोग गाठतो तो माणसाच्या हाताने, जनावर एका गावाहून दुसऱ्या गावाला नेले म्हणजे.

सप्टेंबरमध्ये सरकारने सारे राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. गुरांचे बाजार बंद, गुरांची ने-आण बंद, प्रदर्शने बंद. आमच्या वऱ्हाडातले शंकरपटही बंद. किती वर्षांच्या बंदीनंतर डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मोकळीक दिली होती. शौकिनांनी बैल तयार केले, तोच हा घाला!

आमची दमणी अर्थातच वाड्यात अडकली. आणि नेमका त्याच वेळी मामेभावाचा फोन आला. "बाबांची तब्येत बरी नाही. आत्याची आठवण काढतात."

बापू संध्याकाळी माझ्याकडे आला. आवाज खाली करून म्हणाला, "दादा, बैलाईले काही झालं नाही. सहा दिवसांमागं लस बी देल्ली. राती पांदणीनं निघू, उजाडाच्या आत पूर्णा गाठू. कोणाले काय समजते?"

वाचकहो, चाळीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या या मास्तराने काय उत्तर दिले असेल? मी "हो" म्हणालो! मायचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. लसीचा गुण यायला तीनेक आठवडे लागतात, हे मी वाचलेले होते; पण गरजेच्या वेळी वाचलेले आठवत नाही, हेच खरे. कंदील पुसून ठेवला, दमणीत गवत अंथरले, वर गोधडी घातली.

मायला सांगायला गेलो. ती थोडा वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, "मी आठ-नऊ वर्साची होती, तवाची गोठ सांगतो. लग्नासाठी आमच्या घरी पाव्हण्याची बंडी आली होती. बैल चांगले दिसत होते. पंधरा दिवसात आमचा गोठा खाली झाला. बुळकांडी! बाप गोठ्यात बसून रडे. मी बापाले तवाच रडताना पाह्यलं." आणि मग शांतपणे म्हणाली, "भावाच्या गावाले ओवायाले जाऊ, का रोग घेऊन जाऊ?"

मी कंदील विझवला.

बुळकांडी हा शब्द आता पोरांना ठाऊकही नाही. ठाऊक नसावा, हेच त्या शब्दाचे भाग्य! गुरांच्या रोगांचा अभ्यास करणारी आपल्या देशातली पहिली प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात निघाली आणि पुढे हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिथे बुळकांडीवर लस तयार झाली. १९५४ पासून देशभर टोचणीची मोहीम चालली. आणि २०११ साली साऱ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पुरता नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

पण लस येईपर्यंत जागच्या जागी थांबणे हाच उपाय असतो, आणि तो भल्याभल्यांना करावा लागतो. २००१ साली इंग्लंडात लाळ-खुरकताची साथ आली, तेव्हा रानातल्या पायवाटा बंद झाल्या, घोड्यांच्या शर्यती रद्द झाल्या. इतकेच काय, ३ मेला व्हायच्या निवडणुका ७ जूनवर गेल्या! जिथे सरकारची निवडणूक थांबली, तिथे आमच्या दमणीची काय कथा?

दमणी थांबली त्याच्या चौथ्या दिवशी तांब्याने वैरण सोडली. अंग तापले; दुसऱ्या दिवशी मानेवर आणि पाठीवर गाठी दिसल्या. बापू माझ्यासमोर उभा राहिला, पण एक शब्द बोलला नाही. मीही नाही. दोघांच्याही मनात एकच चित्र होते : मामांच्या अंगणात, त्यांच्या गायींशेजारी बांधलेला तांब्या!

जनावरांच्या डॉक्टरांनी तांब्याला वेगळे बांधायला सांगितले, सुया दिल्या, औषधे दिली. गोठ्यात कडुनिंबाचा धूर झाला. सरकारने ओढकामाचा बैल गेल्यास २५ हजार रुपयांची मदत जाहीर केली होती. पण बापूला तो आकडा ऐकवत नसे. माय रोज तांब्याला हाताने पाणी पाजी. महिनाभराने खपल्या धरून गाठी सुकल्या. तांब्या वाचला. हाडे निघाली होती, पण वाचला.

आणि भाऊबीज? माय मोटारीने गेली! मी नको म्हणत होतो. तिनेच नाकाशी लिंबू धरले आणि म्हणाली, "चाल." वाटेत चारदा मोटार थांबवावी लागली. पोचलो तेव्हा तिला उभेही राहवत नव्हते. माहेरी गेली की आधी गोठ्यात जाऊन गायीच्या पाठीवर हात फिरवायचा, ही तिची जन्माची सवय. त्या दिवशी ती गोठ्याकडे फिरकलीही नाही. आंघोळ केली, लुगडे बदलले, ओसरीवरून नुसते डोळे भरून गायींकडे पाहिले आणि आत गेली.

मामांना तिच्या बेताची खबर होती. घुंगरांच्या आवाजाकडे कान लावून बसले असावेत. तिने ओवाळल्यावर हळूच विचारले, "बैल कोठी सोडले, बाई?"

"घरीच ठेवले," माय म्हणाली. "तुह्यासाठी."

पुढच्या वर्षीची भाऊबीज मामांना लाभली नाही. दमणी वाड्यात उभीच आहे. धावा अजून नव्या आहेत. कधी कोणी विचारते, "मास्तर, एवढा खर्च केला, तो वायाच गेला ना?" मी म्हणतो, नाही. आमच्या घराण्याने केलेल्या प्रवासांत, न केलेला तो एक प्रवासच सर्वांत कामी आला.