प्लॉट घेताय? आधी कागद वाचा!

बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. वर्षानुवर्षे राबून चार पैसे गाठीला लागले, की शहराजवळ गुंठाभर जागा घ्यावी असे प्रत्येकाला वाटते. हमाल, गवंडी, सफाई कामगार यांचेही तेच. प्लॉटचा बाजार याच ओढीवर चालतो. म्हणून त्याची रीत आपल्याला कळली पाहिजे.

भाव कसा चढतो?

17 सप्टेंबर 2025 रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. त्याआधी कित्येक वर्षे नुसती चर्चाच होती. रेल्वे, बायपास, कॉलेज ‘येणार’ म्हटले की जागेचा भाव बोलण्यावरच वाढतो. उद्याची आशा आजच्या किमतीत धरलेली असते. काम लांबले की पैसा अडकतो.

‘दोन गिऱ्हाइके मागे लागलीत, आजच इसार द्या,’ ही घाई विकणाऱ्याची असते. आपण थांबावे. शेजारचे व्यवहार किती रकमेला नोंदले गेले, ते नोंदणी विभागाच्या सूची 2 मध्ये पाहावे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. रस्ता वगळून पदरात किती पडते, तेही मोजून घ्यावे.

कोणता कागद खरा?

नुसत्या बाँडवर नोटरी केली म्हणजे मालकी मिळत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलेच पाहिजे. त्यानंतर फेरफार होऊन आपले नाव लागले का, हे पाहावे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे. केवळ त्यावर मालकी सिद्ध होत नाही.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’, इनाम, देवस्थान किंवा वक्फ असा शेरा दिसला, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जमीन बिगरशेती झाली आहे का, बँकेचा बोजा आहे का, हेही तपासावे.

गुंठेवारीतील जुनी घरे नियमित करण्यासाठी 2001 चा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. पण नियमित ‘होईल’ आणि ‘झाले’ यात फरक आहे. झाल्याचा कागद मागावा.

घरच्या लक्ष्मीचे नाव

तयार घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. पण सवलतीपेक्षा मोठी गोष्ट अशी, की उद्या घरधनी नसला तरी तिला कोणी उंबऱ्याबाहेर काढू शकत नाही. रमाई आवास योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांना घरकुलासाठी अनुदान मिळते. तिथेही जागेच्या कागदाची गरज पडतेच.

आपल्या आजोबा-पणजोबांना सावकाराने सांगितले तिथे अंगठा उठवावा लागला. आज घरातली मुले शिकलेली आहेत. सही करण्याआधी कागद त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. वाचू देण्यास जो नाही म्हणेल, त्याचा प्लॉट घेऊ नका.