रेडिएटर घरी बदलताना



कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला गेलो असता क्रांती चौकातल्या सिग्नलवर आमची जीप तापली. बॉनेटखालून वाफ निघाली. बरोबरचा पोरगा झाकण उघडायला धावला. हात धरला म्हणून वाचला! झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण निघताच ते उसळून तोंडावर येते.

दोष आमचाच. वर्षानुवर्षे विहिरीचे जड पाणी ओतले, क्षाराने नळ्या बुजल्या.

नवा रेडिएटर घरीच बसवला. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची तार काढली, खालची तोटी सोडून पाणी घमेल्यात घेतले. मग दोन्ही होज पाइप, पंख्याचे कव्हर आणि बोल्ट काढले. पात्याने नवी जाळी फाटू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरला. कडक झालेले होजही बदलले. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर भरले, झाकण उघडे ठेवून गार इंजिन सुरू केले, हवा निघाल्यावर पातळी पुरी केली.

एक ध्यानात ठेवा : कूलंट चवीला गोड, पण विषारी. सांडलेले पुसा, उरलेले झाका, वासरू चाटेल.

ट्रॅक्टरलाही हेच लागू. तोडलेला ऊस रस्त्यात अडकला तर वजन अन् उतारा दोन्ही घटतात. तेव्हा हंगामाआधीच रेडिएटर तपासा!