फोन बदलायचा की बॅटरी?

देशातलं पहिलं ॲपल स्टोअर १८ एप्रिल २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं. पार्लेकरांना ते हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नवं मॉडेल हाताळून बघण्याची चैन आहेच. निघण्याआधी मात्र आपल्या आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ उघडा. आयफोन १४ पर्यंतची बॅटरी ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता राखते, असा कंपनीचा हिशेब. आयफोन १५ पासून तो १,००० चार्जवर गेला. आकडा ८०च्या खाली आणि दुपारीच चार्जर शोधावा लागतोय? मग बॅटरी बदला. नव्या फोनच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ, शिवाय नव्या फोनवर १८ टक्के जीएसटी आहे.

फोन खरा म्हातारा होतो तो सुरक्षा अपडेट थांबल्यावर. यूपीआय आणि बँकेचं ॲप त्याच फोनवर असेल तर इथे काटकसर नको. पिक्सल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) यांना ७ वर्षं अपडेटचं आश्वासन आहे. असा फोन दोन वर्षांत बदलणं ही निव्वळ हौस. हौसेला मोल नसतं, हेही खरं!

वापरलेला फोन घेताय? *#०६# दाबून १५ अंकी आयएमईआय काढा. ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात फोन काळ्या यादीत निघाला, तर एक रुपयाही देऊ नका.