वृद्ध पुरुषांमधील रात्रीची लघवी व जीवनमान : भिवंडीतील यंत्रमाग कामगारांच्या संदर्भात

झोपेतून लघवीसाठी उठावे लागणे यास वैद्यकशास्त्रात नॉक्टुरिया म्हणतात. वार्धक्यात हे चालायचेच, असे समजून पुरुष ते सांगत नाहीत. वस्तुतः प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, मधुमेह, हृदयविकार अशी उपचारयोग्य कारणे त्यामागे असू शकतात. निद्राभंगाने थकवा येतो, अंधारात पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो.

भिवंडीत रात्रपाळी करणारा यंत्रमाग कामगार दिवसा झोपतो. “रात्री किती वेळा उठता?” या प्रश्नाने त्याची तक्रार निसटते. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीच्या २००२ च्या व्याख्येचा आधार ‘रात्र’ होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्येत तो ‘मुख्य निद्राकाळ’ झाला. म्हणून प्रथम झोपेची वेळ विचारावी आणि तीन दिवस लघवीची वेळ व प्रमाण नोंदवून घ्यावे. निदानाचा आरंभ तेथूनच होतो.